देशाची श्रीमंती कशी मोजावी?

(रात्रीच्या वर्गापुढे केलेले भाषण)



आजचा विषय पैशाचा आहे. पण आपल्या खिशातल्या पैशाचा नव्हे, देशाच्या पैशाचा. "आपला देश जगात पाचवा झाला, आता चौथा होणार," असे आपण बातम्यांत ऐकतो. ऐकून बरे वाटते. मग मागच्या बाकावरून कोणी तरी विचारतो, "गुरुजी, देश येवढा श्रीमंत झाला, तर आमच्या घरात ते का दिसत न्हाई?"

या प्रश्नाला कोणी हसू नये. प्रश्न अगदी रास्त आहे. मोठमोठ्या विद्वानांनीही तो विचारलेला आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. अर्थशास्त्राचे पंडित नव्हे. पण पुष्कळ वर्षे मुलांना हिशेब शिकविला. तेव्हा आज हिशेबाच्याच वाटेने जाऊ. जुन्नर आणि आंबेगाव हे आपले दोन तालुके. या दोन तालुक्यांत जे डोळ्यांना दिसते, त्यावरूनच देशाची श्रीमंती समजून घेऊ.

१. नाणेघाटातला हिशेब

जुन्नरहून पश्चिमेला गेले की घाटघर लागते. त्याच्या पुढे नाणेघाट. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी येथे सातवाहन राजांचे राज्य होते. कल्याण आणि सोपारा या बंदरांत जहाजे लागत. तेथला माल बैलांच्या पाठीवरून या घाटाने वर येई. मग जुन्नर, आणि पुढे पैठण. घाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे जुने लोक सांगतात.

तेथेच एक लेणे आहे. त्याच्या भिंतीवर राणी नागनिकेच्या काळचा लेख कोरलेला आहे. लिपी ब्राह्मी. राजाराणीने यज्ञ केले, त्यांत काय काय दान दिले, त्याची ती यादी आहे. इतक्या गाई, इतके घोडे, इतके हत्ती, इतकी नाणी. नुसते शब्द नाहीत, आकडेही कोरले आहेत. आपल्या देशात सापडलेल्या जुन्यात जुन्या आकड्यांत त्यांची गणना होते.

म्हणजे पाहा, संपत्ती मोजून लिहून ठेवण्याची रीत आपल्या डोंगरात दोन हजार वर्षांची आहे. पण ती यादी नीट वाचली तर एक गोष्ट ध्यानात येते. त्यात राजाची श्रीमंती दिसते. बैल हाकणारा, भात लावणारा, लेणे खोदणारा पाथरवट यांच्या घरी काय होते, ते त्यात नाही. राजा श्रीमंत म्हणजे देश श्रीमंत, अशी तेव्हाची समजूत होती.

त्या काळी रोममध्ये प्लिनी नावाचा विद्वान होता. त्याने तक्रार लिहून ठेवली आहे. दरसाल पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमची नाणी, हिंदुस्थान ओढून घेतो, अशी ती तक्रार. आपला माल चांगला होता म्हणून त्यांचा पैसा इकडे येत होता. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग आहे.

२. सोने म्हणजे श्रीमंती काय?

कोणी म्हणेल, "ज्या देशात सोनं जास्त, तो देश श्रीमंत. त्यात काय विचारायचं?" असे असते तर स्पेन देश आज जगात पहिला असता. सोळाव्या शतकात स्पेनच्या राजाने अमेरिका खंडातला मोठा मुलूख जिंकला. तेथे पोटोसी नावाचा एक डोंगर आहे. त्याच्या पोटातून चांदी निघाली ती बेसुमार. जहाजे भरभरून चांदी स्पेनला आली. आणि झाले काय? १५५७, १५७५ आणि १५९६ अशा तीन वेळा राजाने सावकारांना सांगितले, देणे फेडता येत नाही.

हे कसे झाले? चांदी आली, पण ती लढायांवर उडाली. देशात कापड, लोखंडाची हत्यारे, धान्य पुरेसे निपजेना. लोक ते बाहेरून विकत घेऊ लागले. चांदी वाढली आणि जिन्नस तितकेच राहिले, म्हणून भाव चढले. शेवटी चांदी बाहेर गेली आणि कर्ज घरात राहिले.

आता जपान पाहा. जमीन डोंगराळ. खनिज तेल बाहेरून आणावे लागते. लोखंडाचा दगडही बाहेरून. १९४५ साली महायुद्धात त्यांची शहरे जळून राख झाली. तरी १९६८ च्या सुमारास भांडवलशाही देशांत अमेरिकेच्या खालोखाल जपानचे उत्पन्न झाले. त्यांच्याजवळ काय होते? शिकलेली माणसे होती. १८७२ सालीच त्यांनी सर्व मुलामुलींसाठी शाळेचा हुकूम काढला होता. कारखाने जळाले, पण कारखाना कसा बांधावा हे डोक्यात होते. ते जळत नाही.

तेव्हा सोने ही श्रीमंतीची खूण असेल. श्रीमंतीचे मूळ ते नव्हे.

३. आपल्या मुलखातल्या माणसाने प्राण दिला

आंबेगाव तालुक्यातले महाळुंगे पडवळ हे गाव आपल्याला ठाऊक आहे. तेथले बाबू गेनू सैद मुंबईला गिरणीत काम करीत. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीच्या बाजूला परदेशी कापडाने भरलेली मालमोटार निघाली होती. बाबू गेनू तिच्यापुढे आडवे झाले. मोटार थांबली नाही. ते तिच्याखाली चिरडले गेले. आपल्या डिंभे धरणाच्या जलाशयाला त्यांचे नाव दिलेले आहे.

कापडासाठी माणसाने प्राण का द्यावा? हे समजायला एक हिशेब माहीत हवा. तो हिशेब दादाभाई नौरोजींनी मांडला.

दादाभाईंनी १८७६ साली मुंबईत एक निबंध वाचला. विषय, हिंदुस्थानचे दारिद्र्य. त्यांनी काय केले? प्रांताप्रांतात किती पीक निघते, त्याची किंमत काय, हे सरकारी कागदांतूनच काढले. त्यात इतर उत्पादन मिळविले. बेरीज केली आणि माणसांच्या संख्येने भागली. उत्तर आले, माणशी वर्षाला सुमारे २० रुपये. मग त्यांनी दुसरा आकडा काढला. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नावस्त्रावर सरकार किती खर्च करते? तो खर्च २० रुपयांहून जास्त निघाला. म्हणजे मोकळ्या माणसाला कैद्याइतकेही मिळत नव्हते.

दादाभाईंनी कारण सांगितले. या देशाची संपत्ती दरसाल बाहेर वाहून जाते आणि तिच्या बदली काही परत येत नाही. १९०१ साली त्यांचा या विषयावरचा मोठा ग्रंथ निघाला. प्लिनीच्या वेळी पैसा येत होता. इंग्रजांच्या वेळी तो जात होता. आपला कापूस जाई आणि तिकडचे कापड येई. विणकराचा माग बंद पडे. ही गोष्ट देशभर सभांतून सांगितली गेली. एका साध्या भागाकाराने लोकांचे डोळे उघडले. म्हणून आम्ही म्हणतो, हिशेब ही कोरडी गोष्ट नव्हे.

४. बेरीज कशी करतात?

स्वराज्य आले. आता आपला हिशेब आपणच करायचा होता. १९४९ साली सरकारने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. प्रशांतचंद्र महालनोबिस अध्यक्ष होते. दुसरे व्ही. के. आर. व्ही. राव. आणि तिसरे आपल्या पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. हेच गाडगीळ प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विखे पाटलांच्या बरोबर होते. समितीने १९४८-४९ सालचे उत्पन्न काढले. माणशी वर्षाला सुमारे २५० रुपये.

ही बेरीज कशी करतात, ते फळ्यावर मांडून दाखवितो. वहीत उतरून घ्या.

समजा, शेतकऱ्याने ३० रुपयांचा गहू विकला. गिरणीवाल्याने त्याचे पीठ करून ३८ रुपयांना विकले. बेकरीवाल्याने त्याचे पाव करून ६० रुपयांना विकले. आता एकूण उत्पन्न किती? घाईने कोणी ३० अधिक ३८ अधिक ६० अशी बेरीज करील. १२८ येतील. पण ते बरोबर नाही. गहू तीनदा मोजला गेला. खरे उत्पन्न ६० रुपयेच. शेतकऱ्याचे ३०, गिरणीवाल्याने घातलेली भर ८, बेकरीवाल्याची भर २२. मिळून ६०. प्रत्येकाने जितकी नवी भर घातली तितकीच मोजावयाची. देशातल्या सगळ्या शेतांची, कारखान्यांची, दुकानांची, कचेऱ्यांची अशी भर एकत्र केली की देशाचे वर्षाचे उत्पन्न निघते. त्यालाच बातम्यांत 'जीडीपी' म्हणतात.

या बेरजेवरून आणखी एक गोष्ट कळते. नुसता गहू विकणाऱ्याच्या गावात ३० रुपये राहतात. पावाची भट्टी त्याच गावात असेल तर ६० रुपये राहतात.

५. तुलना करताना चार प्रश्न

आता मुख्य मुद्दा. एक देश दुसऱ्याहून श्रीमंत आहे, असे कोणी सांगितले, तर चार प्रश्न विचारावे. न विचारता मान डोलवू नये.

पहिला प्रश्न: आकडा एकूण आहे की माणशी?

समजा, एका घरात वीस माणसे आहेत आणि महिन्याला ४० हजार रुपये येतात. शेजारच्या घरात दोनच माणसे आहेत आणि ३० हजार येतात. श्रीमंत घर कोणते? एकूण पाहिले तर पहिले. पण ताटात पाहिले तर दुसरे. पहिल्या घरात माणशी २ हजार पडतात, दुसऱ्यात १५ हजार.

देशांचेही तसेच. जागतिक बँकेच्या हिशेबाप्रमाणे २०२३ साली भारताचे एकूण उत्पन्न सुमारे साडेतीन लाख कोटी डॉलर होते. ब्रिटनचे त्याहून थोडे कमी. ज्या देशाने आपल्यावर राज्य केले त्याला एकूण उत्पन्नात आपण मागे टाकले. दादाभाईंना हे ऐकून आनंद झाला असता. पण ते लगेच भागाकार करायला बसले असते! आपण १४० कोटींहून जास्त, ते सात कोटींच्या आत. आपले माणशी सुमारे २,५०० डॉलर, त्यांचे सुमारे ४९,००० डॉलर. जवळजवळ वीसपट. मागच्या बाकावरच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथेच मिळाले.

दुसरा प्रश्न: भाव कुठले आणि कधीचे?

मंचरच्या स्टँडवर चहा दहा-पंधरा रुपयांना मिळतो. लंडनमध्ये त्याच कपाला दोन-अडीचशे रुपये पडतात. चहा तोच, घोट तेवढेच. मग लंडनच्या माणसाचा पगार रुपयांत करून आपल्याशी ताडून पाहणे पुरेसे नाही. तेथे एका रुपयात काय येते आणि येथे काय येते, हेही पाहावे लागते. १९६८ पासून संयुक्त राष्ट्रे आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ मिळून देशोदेशींचे भाव गोळा करून हा हिशेब करू लागली. तो धरला म्हणजे आपले आणि ब्रिटनचे वीसपटीचे अंतर सहापटीच्या आसपास येते. अंतर आहेच. पण वाटते तितके नाही.

काळाचेही असेच. १९४८-४९ साली माणशी २५० रुपये. २०२३-२४ साली सरकारने सांगितलेला आकडा १ लाख ८० हजारांहून वर. म्हणजे सातशेपटीहून जास्त! पण तेव्हाचा रुपया आणि आताचा रुपया एक नव्हे. भाववाढ वजा केली तर खरी वाढ दहापटीच्या आत राहते.

आपल्याला हे नारायणगावच्या टोमॅटो बाजाराने शिकविले आहे. २०२३ च्या जुलैत वीस किलोचे क्रेट दोन हजार रुपयांच्या आसपास गेले. थोड्याच महिन्यांत भाव कोसळला. टोमॅटो तोच, शेत तेच, चवही तीच. भाव चढला म्हणजे माल वाढला, असे नव्हे.

तिसरा प्रश्न: वाटणी कशी आहे?

सरासरी हा उपयोगी आकडा आहे. पण तो झाकणही घालतो. दहा जणांत एकाचे उत्पन्न ९१ हजार आणि नऊ जणांचे एकेक हजार असेल, तर सरासरी १० हजार येते. त्या दहांत १० हजार मिळविणारा एकही माणूस नाही.

आपल्या घोड नदीवर डिंभे धरण झाले. खालच्या बाजूला पाणी गेले. ऊस, कांदा, भाजीपाला पिकू लागला. घरे पक्की झाली, मुले शिकली. हे खरे आहे आणि चांगले आहे. पण वर काय झाले? ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले ते जुने आंबेगावच पाण्याखाली गेले. आदिवासी वाड्यांची भातखाचरे बुडाली. पुढे तेथल्याच लोकांनी सहकारी संस्था काढून त्या पाण्यात मासेमारी सुरू केली, आणि आपल्या पायांवर ते उभे राहिले. दोन्ही बाजूंची सरासरी काढली तर तालुका पुढे गेला, असेच दिसेल. कोण पुढे गेला आणि कोणाच्या जमिनीवरून गेला, ते सरासरी सांगत नाही.

चौथा प्रश्न: मोजायचे काय राहून गेले?

येथे बायाबापड्यांनी विशेष लक्ष द्यावे. बाई पहाटे उठते. पाणी भरते, भाकरी करते, गुरांचे शेण काढते, पोराला शाळेत धाडते, सासूला औषध देते. २०१९ साली सरकारने देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईचे रोजचे जवळजवळ पाच तास बिनमोबदल्याच्या घरकामात जातात, असे दिसले. पुरुषाचे दीड तासाच्या आसपास. या पाच तासांची किंमत देशाच्या उत्पन्नात धरीत नाहीत. हीच भाकरी खानावळीत विकली की मोजतात. चुलीपाशी वाढली की मोजीत नाहीत. मोजले नाही म्हणून ते काम फुकट होत नाही. ते थांबले तर दुसऱ्या दिवशी सगळा देश थांबेल.

उलट काही गोष्टी मोजल्या जातात, पण त्या श्रीमंतीच्या नव्हेत. ३० जुलै २०१४ रोजी आपल्या तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर खचला. १५१ माणसे गेली. त्या सकाळची आठवण निघाली की अजून बोलवत नाही. पुढे माती उपसली, नवे गाव वसविले. ते करणे अगदी जरूर होते. पण हिशेबाची रीत अशी, की यंत्रांचे भाडे, सिमेंट, मजुरी हे सगळे त्या त्या वर्षीच्या उत्पन्नात जमेस धरले जाते. गेलेली माणसे, गेलेली खाचरे कोणत्याही रकान्यात वजा होत नाहीत. हिशेबनीस दुष्ट नाही. त्याची वहीच तशी आखलेली आहे. सायमन कुझनेट्स यांनी १९३४ साली अमेरिकेसाठी असा हिशेब मांडला. त्यांनीही तेव्हाच बजावले होते, की या आकड्यावरून लोकांचे भले किती झाले हे ठरवू नये.

६. झाड आणि फळ

आता श्रीमंतीचे मूळ कशात आहे ते पाहू. त्यासाठी हिरड्याच्या झाडाकडे जाऊ.

भीमाशंकरच्या बाजूला, जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात, आदिवासी कुटुंबे हिरडा गोळा करतात. बाळहिरडा वाळवून विकतात. औषधासाठी त्याला मागणी असते. हिरड्याचे जे पैसे येतात ते उत्पन्न. आणि झाड? झाड ही संपत्ती. एखाद्याने झाड तोडून लाकूड विकले, तर त्या वर्षी त्याच्या हातात जास्त पैसे दिसतील. पुढच्या वर्षी काय? ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या भागात हिरड्याची किती तरी झाडे पडली, मोडली. ज्यांची झाडे गेली त्यांना हा फरक आम्ही सांगायला नको. फळ एका वर्षाचे, झाड पिढीचे.

जीडीपी फळे मोजतो. झाडे मोजीत नाही. म्हणून एखादा देश जंगल तोडून, विहिरी उपसून, माती वाहून जाऊ देऊन काही वर्षे श्रीमंत दिसू शकतो. घरातली भांडी मोडीत घालून दिवाळी साजरी करण्यातला हा प्रकार आहे.

मग देशाची झाडे कोणती? आमच्या मते पाच.

एक, जमीन, पाणी आणि रान.

दोन, माणसाने उभारलेल्या वस्तू. रस्ते, धरणे, विजेचे खांब, यंत्रे.

तीन, माणसाचे कसब. पेशवाईत जुन्नरचा हातकागद नावाजलेला होता. यंत्राचा स्वस्त कागद आला आणि ते कसब मागे पडले. पण नवे कसबही याच मातीत आले. खोडदजवळची मोठी दुर्बीण पाहा. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकणाऱ्या ३० तबकड्या. एकेक ४५ मीटर रुंद. गोविंद स्वरूप या शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली आपल्याच माणसांनी ती आखली आणि बांधली. आज जगभरचे शास्त्रज्ञ तिचा उपयोग करतात. त्यात सोने किती? काहीच नाही. तार, पोलाद आणि डोके.

चार, माणसाचे आरोग्य. अमेरिकेचे माणशी उत्पन्न जपानच्या दुपटीहून अधिक आहे. तरी जपानी माणूस सरासरीने पाच-सहा वर्षे जास्त जगतो. मग श्रीमंत कोण, याचे उत्तर एका आकड्यात कसे द्यावे?

पाच, विश्वास. हा शब्द येथे पाहून नवल वाटेल. जुन्नरच्या लेण्यांतले लेख वाचले तर त्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या, बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेख मिळतो. श्रेणी म्हणजे एका धंद्याच्या लोकांची संघटना. लोक श्रेणीकडे ठेव ठेवीत आणि तिच्या उत्पन्नातून धर्मकार्य चाले. ठेवणाऱ्याला खात्री होती की आपल्या मागेही ही माणसे शब्द पाळतील. आजची सहकारी सोसायटी, दूधसंघ, साखर कारखाना याच विश्वासावर चालतात. एकाने पैसे खाल्ले की शंभर जण पुन्हा ठेव ठेवीत नाहीत. ते नुकसान कुठल्याही आकड्यात नीट दिसत नाही, पण गाव त्याने मागे पडते.

जागतिक बँकेने २०१८ साली जगाच्या सगळ्या संपत्तीचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यात जमीन, खाणी, इमारती, सगळे आले. सर्वांत मोठा वाटा कोणाचा निघाला? माणसांचा. त्यांच्या कष्टाचा आणि कसबाचा. सुमारे दोन तृतीयांश. म्हणजे तीन रुपयांतले दोन रुपये तुम्ही आहात.

७. दुसरी मोजपट्टी

नुसत्या पैशाने मोजमाप होत नाही, हे पटल्यावर दुसरी मोजपट्टी निघाली. पाकिस्तानचे महबूब उल हक आणि आपले अमर्त्य सेन हे विद्यार्थीदशेपासूनचे मित्र. हक यांनी पुढाकार घेतला, सेन यांनी हात लावला, आणि १९९० साली संयुक्त राष्ट्रांनी 'मानव विकास निर्देशांक' प्रसिद्ध केला. नाव अवघड, गोष्ट सोपी. माणूस किती वर्षे जगतो? किती शिकतो? आणि त्याला किती मिळते? तिन्ही मिळून एक गुण.

या मोजपट्टीवर २०२३ सालच्या आकड्यांप्रमाणे १९३ देशांत आपला क्रमांक १३० वा आहे. कुठे पाचवा, आणि कुठे एकशे तिसावा! दोन्ही आकडे खरे आहेत. एक सांगतो आपण मिळून किती मोठे आहोत. दुसरा सांगतो एकेकाचे कसे चालले आहे.

पण निराश होण्याचे कारण नाही. १९५१ च्या सुमारास या देशात जन्मलेले मूल सरासरी ३२ वर्षे जगेल असा हिशेब होता. आता ७२ वर्षे. तेव्हा शंभरात १८ जणांना वाचता येई. २०११ च्या शिरगणतीत ७४ जणांना. ही वाढ पैशापेक्षा कमी नाही. आणि जे २६ राहिले होते त्यांतले काही आज या सतरंजीवर बसून अक्षरे गिरवीत आहेत. तुम्ही एकेक शब्द वाचता तेव्हा देशाच्या त्या मोठ्या वाट्यात भर पडते. तुम्हाला खूष करण्यासाठी आम्ही हे बोलत नाही. हा हिशेबच आहे.

८. घरी करायचा हिशेब

आता गोष्ट ऐकून उठून जाऊ नका. पुढच्या वेळी येताना वहीत आपल्या गावाचा हिशेब लिहून आणा. रकाने असे आखा.

गावात वर्षात काय पिकले आणि बाहेर काय विकले? विकले ते कच्चेच, की काही भर घालून?

गावात किती विहिरींना मे महिन्यात पाणी होते? गेल्या वर्षी किती होते?

वर्षात किती झाडे लावली, किती जगली, किती तोडली?

शाळेच्या वयाच्या किती मुली शाळेत जातात? दवाखाना किती लांब आहे?

सोसायटीचा हिशेब सभेत वाचून दाखवितात का? तो कोणी विचारला का?

एका घरात बाई सकाळपासून रात्रीपर्यंत किती तास राबते? हा आकडा घरच्या पुरुषाने लिहावा. बायकोला विचारून लिहावा, अंदाजाने नको.

ज्याला सगळे लिहिता येत नसेल त्याने आकडे तरी लिहावे. शब्द आम्ही लिहून देऊ. मग सगळ्या वह्या एकत्र ठेवू आणि फळ्यावर बेरीज करू. ग्रामसभेत उभे राहून काय मागावयाचे, ते त्या बेरजेतून आपोआप कळेल. आणि बातम्यांत पुन्हा कोणी सांगितले की देश अमुकावा झाला, तर ऐकून आनंद माना. मग शांतपणे विचारा: एकूण की माणशी? कुठल्या भावाने? वाटणी कशी? आणि मोजायचे काय राहिले?

चला, आज उशीर झाला. कंदील ज्याने आणला त्याने पुढे चालावे, म्हणजे मागच्यांना वाट दिसेल.